जोडपदवीचे विद्यापीठ निवडताना

पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ आहे. नद्यांचे प्रदूषण, वाळूउपसा, किनारपट्टीवरची बांधकामे असे तंटे तिथे येतात. न्यायासनावर एक न्यायिक सदस्य बसतो आणि त्याच्या शेजारी तज्ज्ञ सदस्य. लवादाच्या २०१० च्या कायद्यात या तज्ज्ञाची एक पात्रता अशी सांगितली आहे : भौतिक किंवा जीवविज्ञानातील एम.एस्सी. व डॉक्टरेट, अथवा अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी, आणि सोबत पंधरा वर्षांचा अनुभव. पाण्याचा बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी, किती, नमुना कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या महिन्यात घेतला, यावर तिथे निकाल फिरू शकतो. समोर उभ्या असलेल्या वकिलाला बीओडी म्हणजे काय हेच उमगत नसेल, तर अशिलाचे नुकसान होते आणि पुष्कळदा नदीचेही.

ही व्यवस्था एकाएकी आली नाही. भोपाळच्या दुर्घटनेला वर्ष होते न होते तोच, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली. सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुनावणी करताना सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. असल्या खटल्यांत शास्त्रीय माहितीचे मूल्यमापन करावे लागते, आणि ते करण्याचे साधन न्यायालयाकडे नाही. एक न्यायाधीश आणि दोन तज्ज्ञ असलेली पर्यावरण न्यायालये नेमावीत, अशी सूचना त्यांनी १९८६ मध्येच केली. त्याच वर्षाच्या अखेरीस, धोकादायक उद्योगाला ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ असे म्हणून जबाबदारी टाळता येणार नाही, हे तत्त्व त्यांनी मांडले. भगवती हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे गणिताचे पदवीधर. कायदा ते नंतर शासकीय विधी महाविद्यालयात शिकले. गणित शिकल्यामुळेच त्यांना हे सुचले, असा दावा मी करणार नाही. पण आपल्याला काय कळत नाही हे नेमके ओळखण्याची सवय विज्ञान लावते, आणि त्या निकालात ती सवय दिसते.

हे पुस्तक बारावी विज्ञान शाखेतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. आपल्याकडे सायन्स घेतलेल्या मुलाच्या वाटा दहावीच्या सुट्टीतच ठरून जातात. गणिताचा गट असेल तर अभियांत्रिकी, जीवशास्त्राचा असेल तर वैद्यकीय. मधेच एखादी मुलगी ‘मला लॉ करायचं आहे’ म्हणाली की घरात शांतता पसरते आणि ‘मग सायन्स कशाला घेतलं?’ हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाला मनापासून उत्तर द्यावे, हा या पुस्तकाचा हेतू आहे. घेतलेले विज्ञान वाया जात नाही. मात्र ते वाया जाऊ नये यासाठी विद्यापीठाची निवड डोळसपणे करावी लागते, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते.

आधी हे पाहू, की विज्ञान जाणणाऱ्या वकिलाची गरज खरोखर कुठे पडते.

पेटंटचे क्षेत्र सर्वांत ठळक. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून त्या पदावर गेले होते. आमच्या आजीला हे ठाऊक होते, असे सांगून अमेरिकी पेटंट कार्यालयात भागत नव्हते. तारखेनिशी छापलेला, आधी प्रसिद्ध झालेला पुरावा हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये आलेला शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. या लढ्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तो जिंकण्यासाठी शोधनिबंध वाचता येणारी आणि त्यातले कोणते वाक्य कायद्याच्या कसोटीला उतरेल हे ओळखणारी माणसे लागली, हे सांगायचे राहून जाते.

त्यानंतरचे दोन खटले तर प्रत्येक विज्ञान पदवीधराने वाचावेत असे आहेत. नोव्हार्टिस कंपनीने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधासाठी पेटंट मागितले. आधीपासून माहीत असलेल्या इमॅटिनिबच्या एका क्षाराचे विशिष्ट स्फटिकरूप, हा त्यांचा ‘शोध’ होता. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे ज्ञात पदार्थाचे नवे रूप पुढे केले, तर त्याची परिणामकारकता वाढल्याचे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल देताना औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, असा अर्थ लावला. स्फटिक अधिक स्थिर आहे, ओलावा कमी शोषतो, हे गुण त्यासाठी पुरेसे ठरले नाहीत. औषध शरीराला तीस टक्के अधिक उपलब्ध होते, हा मुद्दाही रोगावर जास्त गुण येतो हे दाखवल्याखेरीज ग्राह्य धरला गेला नाही. हा युक्तिवाद समजायला रसायनशास्त्र हवे आणि तो मांडायला कायदा. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडणारे औषध ८,८८० रुपयांना देण्याचे ठरले. मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या घरात या दोन आकड्यांमधल्या अंतराचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

याच क्षेत्रातली एक तरतूद निवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पेटंट एजंट म्हणून नोंदणी हवी असेल तर पेटंट कायद्याचे कलम १२६ विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी मागते आणि त्यानंतर परीक्षा घेते. कायद्याची पदवी त्यासाठी सक्तीची नाही. म्हणजे या दरवाज्याची किल्ली विज्ञानाच्या पदवीत आहे. ती पदवी पातळ असेल तर किल्ली लागेल, पण आत गेल्यावर काम झेपणार नाही.

फौजदारी बाजूही झपाट्याने बदलते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचे, त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलची अंकीय ओळखखूण, नोंदवावे लागते. तालुक्याच्या न्यायालयात मोबाइलमधली ध्वनिफीत सादर होते, तेव्हा हॅश मूल्य का जुळत नाही हे विचारू शकणारा वकील हवा असतो. आणि आपल्या जिल्हा न्यायालयांत ही उलटतपासणी मराठीतून होते. डीएनए अहवालातले संभाव्यतेचे गणित मराठीत, सोप्या शब्दांत न्यायाधीशापुढे ठेवता येणे हे मोठे कौशल्य आहे, आणि ते आज फार थोड्यांकडे आहे.

विज्ञानाचे नाव घेऊन येणारी प्रत्येक गोष्ट विज्ञान नसते, हे कळण्यासाठीही विज्ञान शिकावे लागते. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपीच्या मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेतला आणि शिक्षा सुनावली. आरोपीला गुन्ह्याची ‘अनुभवजन्य स्मृती’ आहे, असा त्या चाचणीचा दावा होता. देशोदेशींच्या मेंदूशास्त्रज्ञांनी तिच्या विश्वासार्हतेवर गंभीर आक्षेप घेतले. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी संमतीवाचून करता येणार नाही, असा निर्णय दिला. चाचणी कितीदा चुकते, ती कोणावर पडताळली, निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासले गेले का, हे प्रश्न बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या चांगल्या विद्यार्थ्याला सुचायला हवेत. माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असताना ते न्यायालयात कोणी विचारले नाहीत, तर ती अतिशय गंभीर बाब आहे.

आरोग्य आणि शेती यांच्याविषयी इथे थोडक्यात लिहितो. पुढे त्यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. बियाण्यांच्या वाणांवर हक्क कोणाचा, हे ठरवणारा कायदा २००१ चा. कृषी पदवीधरांनी त्याकडे जरूर पाहावे.

आता विद्यापीठाकडे वळू.

भारतात वकिलीसाठी कायद्याची पदवी दोन मार्गांनी मिळते : कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएल.बी., किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. दोन्हींवर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम लागू आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांत बी.ए. एलएल.बी. आणि बी.बी.ए. एलएल.बी. यांचेच प्राबल्य आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८८ मध्ये पहिली तुकडी घेतली आणि जो नमुना घालून दिला त्यात इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र होते. नंतरच्या बहुतेकांनी तोच गिरवला. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ओळखही मुख्यतः त्याच नमुन्याची आहे. बी.एस्सी. एलएल.बी. शिकवणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. कोलकात्याच्या राष्ट्रीय न्यायिक विज्ञान विद्यापीठाने अलीकडे गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञान यांना जोडून असा अभ्यासक्रम काढला. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठातही तो आहे. ही संस्था २००९ पासून गुजरातचे राज्य विद्यापीठ होती आणि २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झाली. गांधीनगरला प्रयोगशाळा आणि कायदा एकाच आवारात आहेत, म्हणून गुन्हेतपासाकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याने ते नाव यादीत ठेवावे. खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत मात्र ‘बी.एस्सी. एलएल.बी.’ ही अक्षरे वाढत चालली आहेत, आणि माझी चिंता तिथे सुरू होते.

कारण २००८ च्या नियमांत एक अट आहे, जी माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापली जात नाही. एकात्मिक अभ्यासक्रमात मधूनच प्रवेश नाही आणि मधूनच बाहेर पडणेही नाही. तीन वर्षांनी कायदा नकोसा झाला, तर ‘निदान बी.एस्सी. द्या’ असे म्हणता येत नाही. सतरा-अठरा वर्षांचे मूल पाच वर्षांसाठी बांधले जाते. दोन नियमित अभ्यासक्रम एकाच वेळी करायलाही ते नियम मनाई करतात; तेव्हा सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी बी.एस्सी. हा बेत मनातून काढून टाकावा.

प्रवेशपरीक्षेचाही विचार करा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी होणाऱ्या क्लॅटमध्ये इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक व तार्किक विचार आणि थोडे अंकगणित असते. राज्याची एमएच-सीईटी लॉ साधारण याच वळणाची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांतले काहीही विचारले जात नाही. साहजिकच अशा परीक्षेतून आलेल्या वर्गात विज्ञानाची तयारी कमी-जास्त असते आणि शिक्षकाला सुरुवात पायथ्यापासून करावी लागते. पाच वर्षांत कायद्याचे अनिवार्य विषय, अभिरूप न्यायालय आणि किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप बसवल्यावर प्रयोगशाळेसाठी आठवड्याचे किती तास उरतात, हे वेळापत्रक मागून मोजावे. ते वेळापत्रक विद्यापीठाच्या नावापेक्षा अधिक बोलके असते.

माझे मत मी लपवणार नाही. गुन्हेतपासाशी जोडलेला, स्वतःच्या प्रयोगशाळा असलेला एकात्मिक अभ्यासक्रम सोडला, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आधी चांगल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. किंवा बी.टेक. पूर्ण करावे आणि मग तीन वर्षांचा एलएल.बी. करावा. तीन वर्षांच्या बी.एस्सी.ने एक वर्ष जास्त लागते. बी.टेक. किंवा नव्या शैक्षणिक धोरणातला चार वर्षांचा ऑनर्स घेतला तर दोन. पण पेटंटच्या कामात, लवादापुढे किंवा औषधांच्या खटल्यात प्रतिपक्षाचा तज्ज्ञ समोर उभा राहतो, तेव्हा तो जादा काळ कामी येतो. शिवाय मधल्या टप्प्यावर मन बदलले तरी हातात एक पूर्ण पदवी असते, आणि एम.एस्सी.ची वाट खुली राहते. आयआयटी खरगपूरने २००६ मध्ये बौद्धिक संपदेवर भर देणारे विधी विद्यालय सुरू केले, तेही अभियांत्रिकी, वैद्यक आणि विज्ञान शिकून आलेल्यांसाठी. तांत्रिक शिक्षण आधी आणि कायदा नंतर, हा क्रम तिथे विचारपूर्वक ठेवला गेला.

या मार्गाने जाणाऱ्यांनी विद्यापीठाइतकाच शहराचाही विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. नागपूर पाहा. तिथे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी आहे, जिचे अहवाल सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या प्रदूषणाच्या खटल्यात विचारात घेतले. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. विदर्भातला विद्यार्थी हे सगळे सोडून दूरच्या एखाद्या नव्या खासगी विद्यापीठात लाखो रुपये भरायला का जातो, हे मला समजत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, हरित लवाद आणि १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय एकाच शहरात आहेत. मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय, कलिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, आणि चर्चगेटला १८५५ चे शासकीय विधी महाविद्यालय, जिथे डॉ. आंबेडकर प्राचार्य होते. त्या महाविद्यालयाचे शुल्क आजही काही हजारांत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वर्षाला काही लाख लागतात. शेतकरी किंवा नोकरदार कुटुंबासाठी हा फरक निर्णायक असतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परदेशाविषयी दोन शब्द. ऑस्ट्रेलियात सिडनी, न्यू साउथ वेल्स अशा विद्यापीठांत विज्ञान आणि कायदा ही जोडी जुनी व रुळलेली आहे. विद्यार्थी विज्ञानाच्या विभागात विज्ञानाच्याच विद्यार्थ्यांबरोबर शिकतो आणि शेवटी दोन स्वतंत्र पदव्या घेतो. आपल्या एकात्मिक अभ्यासक्रमांनी हे उचलावे, अशी माझी फार इच्छा आहे. परंतु परत येऊन इथे वकिली करायची असेल, तर त्या पदवीला बार कौन्सिलची मान्यता आहे का हे जाण्याआधी तपासावे, आणि परतल्यावर द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची तयारी ठेवावी.

पुढील प्रकरणांत प्रत्येक क्षेत्राचे काम, अभ्यासक्रमांची तुलना आणि खर्चाचा अंदाज दिला आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. आपल्याला ज्या कामात रस आहे ते प्रकरण आधी वाचावे, आणि त्यावरून विद्यापीठाकडे यावे.

पालकांना एक विनंती आहे. शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाला चार गोष्टी लेखी विचारा. या विशिष्ट अभ्यासक्रमाला, या वर्षासाठी, बार कौन्सिलची मान्यता आहे का? विज्ञान शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि कोणत्या विषयांचे? ही पदवी एम.एस्सी.च्या प्रवेशाला आणि पेटंट एजंट परीक्षेला विज्ञानाची पदवी म्हणून चालते का? मागील तुकडीचे विद्यार्थी आज काय करतात? मग मुलाला घेऊन तिथे जा, कामाच्या दिवशी, आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. लेखी उत्तर देण्याचे टाळणाऱ्या किंवा प्रयोगशाळा दाखवायला का-कू करणाऱ्या संस्थेत प्रवेश घेऊ नका.